बाकावरची बाई माझी आई आहे, याबाबत

मी खाली सही करणारा, वय सत्तेचाळीस, धंदा चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणे, राहणार छापखान्यामागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली, आज रविवारी स्वतःहून ठाण्यात हजर राहून सांगतो की, दीड महिन्यापूर्वी याच टेबलासमोर बसून मी एक जबाब दिला होता. बागेच्या फाटकाजवळच्या बाकावर एक अनोळखी वृद्ध बाई बसलेली दिसली, तिला नाव-गाव सांगता येईना, म्हणून मी तिला इथे घेऊन आलो, असे त्यात लिहिले आहे. तो जबाब खोटा आहे. ती बाई माझी आई आहे.

तेव्हाचा जबाब लिहून घेणारे हवालदार हेच होते. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला आणि अशी माणसे आता राहिली नाहीत, असे ते म्हणाले. आज त्यांनी चहा सांगितलेला नाही. बरोबरच आहे.

घरात मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आई असे चौघे. बायको घरी पडदे शिवून देते. आईने तीस वर्षे एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढली. चाळीस जणांचे जेवण पन्नास जणांना पुरवायचे आणि एक्कावन्नावा आला तर त्यालाही उपाशी पाठवायचे नाही, अशी तिची ख्याती होती. त्यामुळे महागाई वाढायला लागली तेव्हा घरातली काटकसर तिनेच हातात घेतली, आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

आधी टीव्ही बंद झाला. मग फ्रिज बंद करून त्यात मुलीची दप्तरे-पुस्तके ठेवली. दिवा एकाच खोलीत लागायचा आणि सगळे त्याच खोलीत बसायचे. आई म्हणायची, घर कसं भरल्यासारखं वाटतं बघा. बसचे पैसे वाचवायला मी चालत जाऊ लागलो, तर चपला झिजल्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे तिचे म्हणणे. मी म्हणायचो, पाय आहेत तेवढेच आहेत गं, अंथरूणच दर महिन्याला आटतंय. ती हसायची. मला हसू येत नसे. काटकसर हा शब्द ऐकला की माझे डोके उठते, हे मी इथे स्पष्ट सांगतो.

त्यातच दुकानातले काम कमी झाले. लोक चष्मा बदलेनासे झाले. काडी तुटली तर दोरा गुंडाळतात. एक शिक्षिका दोन्ही डोळ्यांचा नंबर वाढलेला असताना एकाच डोळ्याची काच बदलून घेऊन गेल्या, दुसरा डोळा पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. मालकांनी मला आठवड्यातून तीन दिवसांवर आणले. घरमालकाने त्याच महिन्यात भाडे वाढवले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे झाले. हवालदार म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. मी म्हणालो, लिहा.

आईला दम्याचा जुना त्रास आहे. तिच्या औषधाचा फवारा महाग आहे आणि तो रोज दोनदा घ्यावा लागतो. ती एकदाच घेत होती आणि नंतर एक दिवसाआड घेत होती, हे आम्हाला कळले नाही. सगळ्यांच्या खर्चाला कात्री लावताना तिने स्वतःच्या श्वासालाही लावली होती. एका दुपारी बायको कपडे वाळत घालून आत आली, तेव्हा आई मोरीपाशी बसलेली होती आणि तिचे ओठ निळे पडले होते. इस्पितळाच्या बिलासाठी बायकोने दोन शिलाई यंत्रांपैकी चांगले चालणारे विकले.

इस्पितळातल्या परिचारिकेने निराधारगृहाची माहिती दिली. मी आईला घेऊन तिथे गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारले, "यांना कोणी आहे का?" मी म्हणालो, "मी आहे ना, मुलगा." तो म्हणाला, "मग इथं कशाला आलात? ज्यांना कोणीच नाही, त्यांच्यासाठी आहे हे. त्यांना जेवण, औषध, डॉक्टर, सगळं फुकट. तुम्हाला तुमची आई तुम्हीच सांभाळायला हवी." त्याचे काही चुकले नाही. आई माझ्या शेजारीच उभी होती. परत येताना ती म्हणाली, "म्हणजे माझी अडचण एवढीच, की मला तू आहेस." आणि रस्त्यात थांबून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

कल्पना तिची होती. हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाही. ती म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड झालाय रे. मला बेवारस करून टाका." मी ओरडलो. बायको रडली, म्हणाली, "आई, असलं अभद्र बोलू नका." पुढचे काही दिवस ती रोज तोच विषय काढायची, भाजी चिरता चिरता, सहज. आम्ही नाही म्हणायचो. मग फवारा संपला आणि नवा आणायला घरात काही नव्हते. हो असे कोणीच म्हणाले नाही. फक्त आम्ही नाही म्हणायचे थांबलो. तपासात विचारले गेले तर माझा गुन्हा तिथे घडला असे मी समजतो.

तिने तयारी चोख केली. मुलीला समोर बसवायची आणि म्हणायची, "विचार मला." मुलगी दरडावून विचारायची, "आजी, तुमचं नाव काय? कुठं राहता? मुलं किती?" आई टकमक बघत राहायची आणि म्हणायची, "काही आठवत नाही बाई." मुलीला तो खेळ वाटला. तिला हसू आवरत नसे. आईने पोलक्याच्या आतली शिंप्याची पट्टी उसवून काढली. चष्मा घरीच ठेवला, कारण तो मी बनवला होता आणि फ्रेमवर आमच्या दुकानाचा शिक्का आहे. बायको निघायच्या दिवशी बाहेर आली नाही. तिने आईचे केस मात्र विंचरून दिले. नंतर आईनेच ते हाताने विस्कटले, नीटनेटकी बेवारस कोण मानेल म्हणाली.

मी तिला बाकावर बसवले, बागेला एक चक्कर मारली आणि फिरायला आलेल्या माणसासारखा तिच्यापुढे येऊन उभा राहिलो. चार लोक ऐकत होते म्हणून मोठ्याने विचारले, "काय झालं आजी, कोणाची वाट बघताय का?" ती म्हणाली, "काही आठवत नाही बाबा." पुढचे तुमच्या कागदात आहे.

ठाण्यातून तिला त्याच निराधारगृहात पाठवले, आणि खिडकीतल्या माणसाने आम्हाला ओळखले नाही, त्याच्यापुढे रोज असे कितीतरी येतात. त्यानंतर दर आठवड्याला मी तिथे जात होतो. तिथे मला ती बाई शोधून आणणारा भला माणूस म्हणून ओळखतात. आई मला अहो-जाहो करायची. "बसा ना. तुम्ही कशाला तसदी घेतलीत?" आजूबाजूला इतर बायका असत. मी मुलीच्या परीक्षेचे सांगायचो ते माझ्या घरची गोष्ट म्हणून, आणि ती परक्या घरचे ऐकल्यासारखी मान डोलवायची. खोटे कशाला बोलू, तिची तब्येत सुधारली. फवारा वेळेवर मिळत होता. गालावर मांस आले. आमच्या घरात दोन वर्षांत जे जमले नाही ते तिने आम्हाला टाकल्यावर जमले.

आणि घरी काय झाले, तेही लिहा. एक माणूस कमी झाले. दुधाचा भाव वाढला, गॅसचा वाढला, मालकांनी मला तिसऱ्या दिवशीही येऊ नका सांगितले. आईला वजा करूनही महिना पुरला नाही. शेवटच्या आठवड्यात बायको भांडे घासत असताना मी म्हणालो, "अजून काय काढायचं घरातून?" तिने मागे वळून बघितले नाही. मुलीने आता खेळ कधी संपणार असे विचारणे सोडून दिले आहे.

काल तिथल्या व्यवस्थापक बाईंनी मला सांगितले की जागा अपुरी पडते आहे, म्हणून नव्याने आलेल्या बायकांना, म्हणजे आईलाही, उद्या सोमवारी दूरच्या दुसऱ्या निराधारगृहात पाठवणार आहेत. गाडीने दीड दिवस लागतो. मी विचारले, त्यांना विचारलंत का? बाई म्हणाल्या, "कोणाला विचारायचं? कोणी असतं तर इथं असत्या का?" तिकडे कोणी वारले तर अंत्यविधी संस्थाच करते आणि कोणाला कळवत नाही, कारण कळवायला कोणी नसते. हे ऐकल्यावर मी घरी जाऊन बायकोला सांगितले. ती म्हणाली, "जा आणि घेऊन या. पाणी पिऊन राहू." म्हणून मी आज आलो आहे.

माझ्या सांगण्यावरून ठाण्याच्या साहेबांनी आईला ओळख पटवण्यासाठी इथे आणवले. साहेब तिच्यादेखतच मला म्हणाले, "पोलिसांना खोटा जबाब देणं हा गुन्हा आहे. ही तुमची आई असेल तर तुमच्यावर केस होईल. नसेल तर तुम्ही भले गृहस्थ आहात, घरी जा." त्यांनी हे तिच्यादेखत बोलायला नको होते. मी तेव्हाच तिच्या तोंडाकडे बघितले आणि मला कळून चुकले.

साहेबांनी विचारले, "आजी, हे कोण?" ती म्हणाली, "यांनीच मला बाकावरून उचललं. देव यांचं भलं करो." साहेब म्हणाले, "ते म्हणतात, तुम्ही त्यांची आई आहात." ती म्हणाली, "त्यांचं मन मोठं आहे. पण मला मूलबाळ झालंच नाही."

मी तिचा चष्मा बरोबर आणला होता. तो तिच्या हातात दिला. त्या नंबरचा चष्मा तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला लागणार नाही, डावी काच मला तीनदा घासावी लागली होती. तिने तो न घालता टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मला काय करायचाय? मला वाचता कुठं येतं?" मला अक्षरे तिने शिकवली आहेत. चुलीच्या राखेत बोटाने काढून. मी घरातला फोटो दाखवला. फोटो जुना आहे आणि त्यात ती अंगाने भरलेली आहे. तो डोळ्यांपासून दूर धरून ती म्हणाली, "ही बाई माझ्यापेक्षा देखणी आहे हो." हवालदार हसले. मी ओरडून बोललो, ते चुकले. मी म्हणालो, "आई, पुरे आता. उद्या तुला लांब नेणार आहेत. मला तिथं येता येणार नाही, गाडीभाडं कुठनं आणू?" ती म्हणाली, "नाही ना परवडत? मग येऊ नका."

शेजाऱ्यांना विचारा, असे मी साहेबांना सांगितले. आम्ही शेजाऱ्यांना आई नातेवाइकांकडे गेली असे सांगितले होते, तेही खोटे होते. साहेब म्हणाले, चौकशी करू, पण आज रविवार आहे आणि उद्या सकाळची गाडी आहे. शिवाय बाई सज्ञान आहे, तिची तयारी नसेल तर तिला कोणाच्या ताब्यात देता येत नाही. मी केस करा म्हणालो. मला अटक करा म्हणजे तरी ती माझी आई ठरेल, असेही म्हणालो. साहेब म्हणाले, तिच्या सांगण्याप्रमाणे काही गुन्हा घडलेलाच नाही.

माझा कोणावर आरोप नाही. भाव वाढवणारे कोण, ते मला माहीत नाही.

वरील मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे. तो मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. माझ्या विनंतीवरून हवालदारांनी तो समोर बसलेल्या वृद्धेलाही पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी तिला विचारले असता तिने सांगितले की, गोष्ट वाईट आहे, पण ती माझी नाही. आणि या गृहस्थांना आता सोडा, घरी त्यांची कोणी वाट बघत असेल, सकाळपासून पोटात काही गेलेलं दिसत नाही. जबाब खरा आहे म्हणून मी सही करत आहे. तिने सही करण्यास नकार दिला.