मंगळवारचा हत्ती

ठणकणारी दाढ घेऊन सुतार दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होता. शेजारी पिकल्या केसांचे बहीणभाऊ बसले होते. बहिणीच्या मांडीवर जाडजूड, नवंकोरं पुस्तक होतं. पेपरात रोज चार चौकोनांत यायची ती जंगलातली जुनी चित्रकथा, आता सगळी एकत्र.

"दादा, यात हत्ती कुठंय?"

"कुठला हत्ती?"

"वाघानं हिरोला कड्यावर गाठलं, तेव्हा सोंडेत उचलून घेतो तो. इथं तर हा नुसता झाडावर चढतो."

"चढत असेल."

"आणि मगरीच्या वेळी? तेव्हाही हत्तीच आला होता. इथं होडी आहे!"

"अगं, आपल्याकडे पेपर कुठं यायचा? मी सलूनमध्ये वाचायचो आणि तुला येऊन सांगायचो."

"मग?"

"सलूनला मंगळवारी सुट्टी."

"म्हणजे सगळे मंगळवार तुझे?"

"तू दाराकडे डोळे लावून बसायचीस. काय सांगणार, दुकान बंद होतं?"

"त्या हत्तीवरून मी अख्ख्या वर्गाशी भांडले! पोरी मला खोटारडी म्हणायच्या."

"माझे हाल विचार. दर बुधवारी त्याला जंगलात परत घालवताना नाकी नऊ यायचे."

बहीण खो खो हसत सुटली. मग डोळे पुसत म्हणाली, "आज वार कुठला रे?"

"मंगळवार."

"मग हे पुस्तक राहू दे. आणि सांग."

दादानं घसा खाकरला. तेवढ्यात नर्सनं सुताराचा नंबर पुकारला.

"मागच्यांना पाठवा," गाल धरूनच सुतार म्हणाला. "हत्ती येऊ दे आधी."