हैबतीआण्णांच्या जीपचं कुंकू

मंडळी, ऐका. आज सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतो. ज्याच्या आपण रोज पाया पडतो, त्याच्याशी आपलं बोलणं असतं का? देवाचं राहू द्या, तो तुमचं ऐकून ऐकून कंटाळलाय! घरातल्यांचं विचारतोय. माना हलवू नका, अजून मी काही सांगितलेलं नाही. आधी कथा ऐका, मग कुणी कुठं मान हलवायची ते ठरवा.

आंबेघर नावाचं गाव. तिथं हैबतीआण्णा राहायचे. माणूस सज्जन, पण हट्टी. आता सज्जन आणि हट्टी हे एकाच माणसात कसं, म्हणाल – तर घरी जाऊन आरसा बघा! आण्णांच्या वडिलांनी एक जीप घेतली होती, पेट्रोलवरची, जुन्या काळची. वडील गेले, जीप राहिली. आण्णांनी तिला गोठ्याशेजारी पत्र्याची शेड बांधली, वर शाल पांघरली. रोज सकाळी अंघोळ झाली की उदबत्ती ओवाळायची. चालवायची मात्र नाही! का, तर तिच्यावर धूळ बसेल. वडिलांची गाडी आहे हो! महिन्यातून एकदा शेडमध्येच घटकाभर सुरू करायची, बॅटरी उतरू नये म्हणून, बस्स.

आणि दसऱ्याला तर काय विचारता! बॉनेट उघडायचं आणि आत पूजा. वडील बॅटरीला कुंकवाचं एक बोट लावायचे, तेवढंच. आण्णा म्हणाले, शक्ती इथून येते, मग इथं हात आखडता कशाला? मूठभर हळद, मूठभर कुंकू, तेही तेलात कालवून. वर नारळ फोडला की त्याचं पाणी बॅटरीवर. दर वर्षीचा थर जुन्या थरावर. बॅटरीच्या दोन टोकांना तारा जिथं पकडीनं आवळलेल्या असतात ना, तिथं दोन शेंदरी देवच तयार झाले! गणपती कुठला आणि मारुती कुठला, एवढंच ठरायचं बाकी होतं.

आता घरात आणखी एक देव होता. आण्णांची आई, गोदाक्का. आण्णा रोज उदबत्ती झाली की आईच्या पायावर डोकं ठेवायचे. डोकं ठेवलं, उचललं, निघाले शेताला! म्हातारी तोंड उघडेपर्यंत माणूस कुंपणापार. गोदाक्काला काय म्हणायचं होतं? एवढंच, की तिचा थोरला भाऊ, जोतीदादा, वर डोंगरावरच्या निवळीत अंथरुणाला खिळलाय. त्याला एकदा ओवाळायचंय. रस्ता असा की एसटी जात नाही, रिक्षा चढत नाही. जाईल तर जीपच. मागच्या भाऊबीजेला तिनं विषय काढला, तर आण्णा म्हणाले, रस्ता खराब आहे, गाडीला सोसायचं नाही. गाडीला हं! आईला काय सोसतं, ते विचारायचं राहून गेलं.

यंदा निवळीहून निरोप आला. जोतीदादा अन्न घेईनात, सारखं गोदीचं नाव घेतात. भाऊबीजेची सकाळ. गोदाक्का नवं लुगडं नेसून, ताट घेऊन, थेट शेडमध्ये जाऊन बसली. आता मात्र आण्णांचा नाइलाज झाला. शाल काढली, किल्ली फिरवली.

काही नाही!

हॉर्न दाबला, वाजेना. दिव्याचं बटण ओढलं, उजेड नाही. किर्रर्र नाही, खट्ट नाही. मंडळी, गाडी बिघडली की निदान कुरकुरते. ही समाधीत गेली होती.

आणि आपल्याकडे गाडी बंद पडली की काय होतं? सगळा गाव जमतो! श्रीपतीतात्या म्हणाले, नजर लागली, लिंबू-मिरची बांधा. कुणी म्हणालं, ढकला. ढकलली उतारापर्यंत. पण पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते, आणि ठिणगीला वीज. ती नसेल तर ढकलून फक्त ढकलणारे तापतात. बंडा सुतार म्हणाला, बॅटरी मेली, तालुक्याहून नवी आणा. तालुक्याला जाऊन येईस्तोवर दिवस मावळणार. गोदाक्का ताट सावरत बसून होती. तिचे डोळे निवळीच्या डोंगराकडे, आणि तेच आण्णांना टोचायला लागलं.

आता आण्णा काही अडाणी नव्हते हो, तरुणपणी वडिलांबरोबर हीच जीप त्यांनी उघडून जोडली होती. त्यांनी पुढच्या दिव्याचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी जोडल्या. वायरींची टोकं बॅटरीच्या दोन शिसाच्या खुंट्यांत दाबून टोचली. बल्ब लख्ख पेटला! म्हणजे बॅटरी जिवंत. मग तीच टोकं खुंट्यांवर बसवलेल्या तारांच्या पकडींना तशीच टोचून लावली. अंधार! पेटीवाले काका, सूर धरून ठेवा, इथंच सगळी गंमत आहे. खुंटीत शक्ती आहे, पकड तिला बिलगून बसलीय, दोघींमध्ये नखाएवढं अंतर नाही. पण वीज पलीकडे जात नाही!

का जात नाही? मध्ये पूजा आहे ना!

आण्णांना कळलं. नारळाच्या पाण्यानं आत खार धरलाय, वर तेलकट कुंकवाचं कवच. खरवडलं पाहिजे. चाकू हातात घेतला आणि हात थांबला. कुंकू कसं पुसायचं? तेही सणाच्या दिवशी? या थराच्या तळाशी वडिलांच्या बोटाचं कुंकू असेल. सल्ले देणारेसुद्धा एकेक पाऊल मागं सरकले, यावरून प्रसंग ओळखा.

तेव्हा गोदाक्का उठली. लेकाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "हैबती, तुझा बा गेला तवा माझं कुंकू पुसलं बायांनी. मी बंद पडले का रं?"

आण्णांनी आईकडे बघितलं. मंडळी, बघितलं म्हणजे – पायांकडे नव्हे, तोंडाकडे. केवढी थकलीय ही, असं त्यांच्या मनात आलं, आणि डोळे भरून आले.

ती म्हणाली, "पूस. माझा दादा वाट बघतोय."

मग काय! आण्णांची बायको, कमळावहिनी, भज्यांसाठीचा सोडा आणि गरम पाणी घेऊन आली. पकडी सोडल्या, चाकूनं खरवडल्या, सोड्यानं धुतल्या, पॉलिश पेपरनं घासल्या. खालून शिसं चकाकलं. कोरडं करून पकडी घट्ट आवळल्या, वर बोटभर व्हॅसलीन. किल्ली फिरवली. गाडीनं एक आळस दिला, दोनदा खोकली आणि धडधडायला लागली. श्रीपतीतात्या म्हणाले, बघा, नजर उतरली!

आण्णांनी आईला मागं नाही, शेजारी बसवलं. निवळीपर्यंत म्हातारी बोलत होती. दादानं तिला खांद्यावरून ओढा कसा ओलांडून नेलं, सासरी पाठवताना तो गोठ्यात लपून कसा रडला. आण्णांनी यातलं काही कधी ऐकलं नव्हतं. आयुष्यभर ज्या पायांवर डोकं ठेवलं, ते कुठून कुठून चालत आलेत, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

जोतीदादांना दिसत नव्हतं. गोदाक्कानं हात हातात घेतला तेव्हा म्हणाले, "गोदे, उशीर केलास." तिनं ओवाळलं, करंजीचा तुकडा भरवला. त्यांनी खाल्ला. दिवाळी सरली आणि ते गेले. पण बहिणीला भेटून गेले.

आता तुमच्याकडे वळतो. सटकू नका! पूजा वाईट, असं मी म्हणालो नाही. नाही तर उद्या माझी दक्षिणा तुम्हीच खरवडून टाकाल. वडिलांचं एक बोट कुंकू होतं, तेव्हा गाडी चालत होती. थर आपण चढवले. आईच्या पाया पडतो, फोटोला हार घालतो, वाढदिवसाला शाल देतो. आणि ती "अरे, ऐक ना" म्हणाली की? कुंपणापार!

आता आरती होईल, प्रसाद मिळेल, तुम्ही घरी जाल. घरात जे कुणी म्हातारं जागं असेल, त्याच्या आज पाया पडू नका. जवळ बसा आणि विचारा, कुठं जायचंय का तुला?