तीन नंबरची खुंटी

इंजिनिअर : उतारावरच्या दोन्ही खुंट्या बाहेर झुकल्यात, आणि तुमच्या घरामागची ही तीन नंबरची मात्र अगदी ओळंब्यात. असं कसं, आजोबा?

आजोबा : चांगलंच आहे की! म्हणजे आमच्यामागची माती घट्ट.

सून : मग तसंच लिहा मॅडम. घर पाडायला नको.

इंजिनिअर : लिहीन. पण खुंटीच्या बुडाशी ही पाचर कुणी मारली? सागवानी दिसते.

आजोबा : सागवानी कुठली, शिसवी आहे ती.

सून : बाबा!

आजोबा : लाकडाला भलतं नाव ठेवलेलं मला खपत नाही.

इंजिनिअर : म्हणजे तुम्हीच मारलीत.

आजोबा : चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पोरी. समोर वाकडी खुंटी दिसली की घास उतरत नाही. केली सरळ.

इंजिनिअर : एकदाच?

आजोबा : तीनदा.

सून : तीनदा? आणि मला सांगत होतात, पाय मोकळे करून येतो म्हणून!

इंजिनिअर : आजोबा, उतार सरकतोय का ते कळावं म्हणूनच खुंट्या ठोकल्या होत्या. ‘खालची माती हलत नाही’ असं मी लिहिलं असतं, तर ऑफिसनं नुसतं गवत लावून फाईल मिटवली असती. आणि तुम्ही सगळे इथंच राहिला असतात.

आजोबा : पहिल्यांदा खरंच सवयीनं केली. मग तुमचे साहेब येऊन म्हणाले, ही खुंटी हलली तर पायथ्याला भिंत बांधावी लागेल आणि इथली चार घरं जातील. नंतरच्या दोन वेळा... घाबरून केली.

सून : मला तरी सांगायचं! चिमी मागच्याच खोलीत अभ्यासाला बसते, त्या भिंतीला टेकून.

आजोबा : बसायची. आठवडाभर पुढच्या खोलीत कुणी बसवलं तिला?

सून : तुम्हीच. तिथं उजेड चांगला म्हणालात.

आजोबा : उजेड मागेच चांगला आहे, सूनबाई.

इंजिनिअर : दर वेळी किती झुकली होती? काही अंदाज?

आजोबा : अंदाज? अंदाजानं काम करणारा सुतार दाखव मला. मागच्या दाराची चौकट बघ, आतल्या अंगाला. पेन्सिलीनं लिहिलंय.

सून : अगंबाई, ह्या रेघा होय! मला वाटलं, चिमीचे उद्योग. परवा बोलले तिला.

इंजिनिअर : एक सूत... दोन सूत... पाच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग ना? म्हणजे एकूण एक इंच. आणि वेग वाढतोय. थांबा, फोटो काढते. तिन्हींपुढे मंगळवारच कसा?

आजोबा : झुकलेली दिसायची ती मंगळवारी सकाळीच.

सून : सोमवारी वरच्या कॉलनीत हिरवळीला पाणी सोडतात ना. दिवसभर पाइप चालू. दुसऱ्या दिवशी आमच्या मोरीत गढूळ ओघळ. मीच पुसते.

इंजिनिअर : मग पाणी वरून मुरतंय! ते तसंच मुरत राहिलं तर बांधलेल्या भिंतीवरही जोर येणार. घरं जातील ती जातीलच.

सून : पाणी त्यांचं आणि घर आमचं जाणार? वा रे न्याय!

इंजिनिअर : म्हणूनच दुसरा उपाय मांडते. हिरवळीचं पाणी बंद. वर चर खणून पावसाचं पाणी बाजूच्या नाल्यात. उतारात भोकं पाडलेले आडवे पाइप, म्हणजे आत मुरलेलंही बाहेर येईल. हिरवळ उखडावी लागेल, पण तुमची घरं राहतील.

सून : कॉलनीवाले ऐकतील?

इंजिनिअर : नुसत्या माझ्या खुंट्यांवर कुरकुरले असते. ह्या चौकटीपुढे काय बोलणार? पण काम होईपर्यंत चारही घरं रिकामी हवीत. आजच्या आज.

आजोबा : एकदा बाहेर काढलेल्याला परत कोण आत घेतं, पोरी?

इंजिनिअर : तारीख मी देऊ शकत नाही, खोटं ठरेल. पण अहवालात अट घालते. काम झाल्यावर ही खुंटी लागोपाठ सहा मंगळवार हलली नाही, की घरं ज्याची त्याला परत. मोजताना तुम्ही सोबत असायचं. सही तुमचीही.

आजोबा : सहा मंगळवार. आणि मोजायचं सुतातच.

इंजिनिअर : सुतातच.

सून : मी चिमीची पुस्तकं भरते. बाबा, हत्यारांची पेटी घ्यायची ना?

आजोबा : घे. आधी त्यातली हातोडी दे इकडे.

सून : आता आणखी काय ठोकायचंय?

आजोबा : ठोकायचं नाही. (पाचर उपटून इंजिनिअरच्या हातात देत) ही ठेव तुझ्याकडे. आता झुकायचं असेल तर झुकू दे तिला.