दत्तकाची शुगर

माझ्या चहात साखर नको. हसू नका, आधी ऐका.

आमचे बाबा काडीसारखे बारीक. गंगेकाठच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या माझ्या आधी चढतात, पेढ्याला हात लावत नाहीत. तरी त्यांचा रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावले. "पंडितजी, खानदान में किसी को शुगर?"

"सात पिढ्यांत नाही," बाबा ठणकावून म्हणाले.

डॉक्टर पुन्हा रिपोर्टात शिरले. मीही गोंधळलो. "बाबा, तुमच्या तिन्ही सख्ख्या भावांना आहे ना?"

"ते जन्मघराणं! मी दत्तक आलो, होम झाला, गोत्र बदललं. त्यांची श्राद्धंसुद्धा मी घालत नाही, मग शुगर का घेऊ?"

मी डॉक्टरांना हे हिंदीत सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "पंडितजी, गोत्र बदला, जीन्स नहीं. दुबले हैं, फिर भी चर्बी लिवर में जमी है, इसीलिए इन्सुलिन बेअसर. यह अक्सर खानदानी होता है. बेटे की भी जाँच करवा लीजिए."

आता बाबाच गोंधळले. मला निरखून बघत म्हणाले, "याची कशाला? हा तर जन्मापासून याच गोत्रातला आहे!"