मोटारीवरची वाकळ

लोणावळ्याच्या दवाखान्यात तापलेल्या बाळाला पदराखाली घेऊन मालिनी बसली होती. कान मात्र शेजारच्या दोघींकडे होते.

“थंडीआधी शेटच्या मोटारीला मेन चोळाया लागतंय म्हनं. आमचं कारभारी दोन दिस अंगनातनं हललं न्हाईत.”

“डायवराची बायको तू, झुंबरे. सवत यायचीच.”

“पर माझी नवी वाकळ तिच्या इंजिनावर घातली. म्हनं, गारठली तर सकाळी उठायची न्हाई.”

“आन् तू गं?”

“मी उठतेच की.”

दोघी हसल्या. मग झुंबरबाई मालिनीकडे वळली. “बाई, एवढं तापलेलं लेकरू घेऊन कशानं आलात?”

“चालत.”

“घरी मोटार न्हाई व्हय?”

“आहे ना,” मालिनी म्हणाली. “कालच मेण लावलंय. धुळीत काढायची नाही म्हणाले.”