दोनाने चुकलं असेल तर?

...नाही, पण तो कागद मी फळ्यावर लावला होता की लावून परत काढला होता, तेच मला आता धड आठवत नाही, आणि तुम्हाला सांगतो, माझा सगळा जन्म त्या एका टाचणीला लटकलाय!

लाँग आयलंडवरची आमची प्रयोगशाळा. खाली भुयारात सोन्याची अणुकेंद्रं एकमेकांवर आपटायची, म्हणजे आतले क्वार्क-ग्लुऑन नावाचे सूक्ष्म कण वितळून त्यांचा रस्सा होणार. तो वाहणार कसा? यंत्र सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपलं भाकीत कॉफीच्या खोलीत फळ्यावर टाचायचं, अशी रीत. बहुतेक सगळे म्हणत होते, वायू होईल, वायू! आणि मी? तीस वर्षं स्ट्रिंग थिअरी, म्हणजे तंतूंचं शास्त्र, उगाळलेला माणूस... रश्श्याचं गणित कुणालाच सुटेना, म्हणून मी त्याच्या जागी पाच मितींमधलं कृष्णविवर घेतलं. आमच्या शास्त्रात दोन्हींचं उत्तर एकच, फक्त गुरुत्वाकर्षणाचं गणित सोपं. तर चिकटपणाचा आकडा आला एवढासा! म्हणजे वायू नाहीच, द्रव, तोही पाण्याहून सुळसुळीत! पण असल्या गणितात कुठेतरी दोनाने गुणायचं राहून जातं आणि उत्तर निम्मंच येतं. दोनाने चुकलं असेल तर?

यंत्रावरचा विनी कापुआनो बेगल चावत म्हणतो, "लेनी, तुझं विवर पाचव्या मितीत, माझा रस्सा इथे खाली. तीस वर्षांत तुमच्या त्या तंतूंनी मला मोजता येईल असा एक आकडा दिलाय का रे बाबा?" होता हो! खिशातच होता! पण दोनाने चुकलं असेल तर?

मिर्यम, माझी बायको, म्हणाली, "लाव तो कागद, नाहीतर ऊठ जेवणावरून. चुकलास तर फाशी देणार आहेत का?" आता हिला काय सांगायचं? शेवटच्या दिवशी गेलो. टाचला, काढला, टाचला, काढला... पुढचं आठवत नाही.

यंत्र चाललं. विनी जिन्यातून ओरडत आला, "द्रव आहे रे, द्रव! पाणी झक मारतं!" मग त्याने बरोबर ठरलेल्यांची नावं वाचली. माझं नव्हतं. म्हणजे काढलाच असणार, नाही का? तोवर तेच गणित दुसऱ्यांनी छापलंसुद्धा. मी कोणत्या तोंडाने बोलू? पुढे विनी गेला, मिर्यम गेली... विचारू कुणाला?

गेल्या वर्षी विनीच्या मुलीने जुने फोटो पाठवले. त्यात तो फळा! भिंग घेऊन बसलो. कागद होता हो, लावलेला! नाव माझं, आकडा बरोबर, दोनानेसुद्धा चुकलेला नाही. आणि खाली माझ्याच अक्षरात एक ओळ : 'बहुधा चूक आहे, धरू नये.'

अख्ख्या कागदात चूक तेवढीच.