गिरणी बंद, तवा चालू

बायको : अहो, पण हे बदाम दळलेत कुठे?

गिरणीवाले : कुठे म्हणजे? खाली स्वतःची गिरणी असताना बदाम दळायला काय शेजारी जाऊ?

बायको : हळू बोला! वर लेक-जावई झोपलेत, नात चिमणी झोपलीय.

गिरणीवाले : हळूच बोलतोय.

बायको : हे तुमचं हळू? समोरच्या घरात दिवा लागला बघा. आणि ते पातेलं इकडे द्या. हे पीठ आता जावयांना चालणार नाही.

गिरणीवाले : का? नुसते बदाम आहेत! गिरणीचे दगड झाडून घेतले मी. दोनदा. कुंचल्यानं.

बायको : ज्या दगडांनी चाळीस वर्षं गहू, तांदूळ, मका दळला, तिथं कुंचला काय करणार? पीठ त्या दगडांच्या खाचाखाचांत बसलंय. तुमच्या कानात आहे, भुवयांत आहे. लेकीनं फोनवर काय सांगितलं होतं? कुठल्याही धान्याचा कण पोटात गेला, तरी त्यांना दोन-तीन दिवस अंथरूण धरावं लागतं.

गिरणीवाले : ...खरंय गं. डोक्यातच आलं नाही. एवढ्या पहाटे उठून मीच विष कालवत होतो की.

बायको : चेहरा पाडू नका. हे आपण दोघं दुधात घालून पिऊ. बरणीत आणखी बदाम आहेत. आणि त्या खोक्यात मिक्सर आहे, कोरा. कालच आणलाय.

गिरणीवाले : गिरणीवाल्याच्या घरात मिक्सरवर दळण! माझे वडील असते ना...

बायको : तर त्यांनी आधी डोकं धुतलं असतं. जा, अंघोळ करून या.

गिरणीवाले : केली की पहाटेच.

बायको : आणि मग कुठे गेलात? गिरणीत. जा परत. धुतलेला सदरा घाला, तो दाराला टांगलेला नको.

(नळाचा आवाज. थोड्या वेळानं मिक्सरची थांबत थांबत घरघर. मग शांतता.)

गिरणीवाले : आलो. भुवयांनासुद्धा साबण लावलाय, डोळ्यांतून पाणी येतंय. दळलेस का? दाखव. अं... दोन बोटांत धरलं की कळतं. जाडसर राहिलंय. आणखी एक फेरा दे, पण दमादमानं. बदामाला तेल सुटलं की लगदा होईल.

बायको : द्या, तुम्हीच द्या फेरा. मी चाळणी काढते.

गिरणीवाले : थांब! ती पिठाची चाळणी आहे!

बायको : अगं बाई! हो की. आता मलाच शिकवायला लागलात.

गिरणीवाले : नको चाळूस. असंच राहू दे. आता सांग, पॅनकेकसाठी पुढे काय?

बायको : दोन पिकलेली केळी कुस्करायची. चार अंडी फेटायची. वाटीभर हे पीठ, चिमूटभर मीठ. आणि फुलायला चमचाभर बेकिंग पावडर...

गिरणीवाले : ती नाही घालायची. मी पाकीट वाचलंय, भिंग लावून. त्यात मक्याचं पीठ मिसळलेलं असतं. नुसता खायचा सोडा घाल आणि वर लिंबू पीळ.

बायको : तुम्ही पाकीट वाचलंत? आलेली पत्रंसुद्धा माझ्याकडून वाचून घेता तुम्ही!

गिरणीवाले : कपाटातली सगळी वाचली. रात्री तू झोपल्यावर. त्या मसाल्याच्या डबीतही तांदळाचं पीठ निघालं. बाजूला ठेवलीय.

बायको : ...बरं. तवा तापलाय. लोणी सोडा. पळीभरच घाला, मोठा नको. ह्यात धान्याचं पीठ नसल्यामुळे जोर नसतो, लहान केला तरच उलटता येतो. आणि आच बारीक ठेवा.

गिरणीवाले : घातला. उलटू?

बायको : आत्ता तर पडलाय तव्यावर!

गिरणीवाले : उलटतोच.

बायको : अहो, थांबा... घ्या! झाला चुरा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

गिरणीवाले : तवा खोल आहे.

बायको : हो, आणि अंगण वाकडं आहे. द्या तो चुरा इकडे, मी खाते. ...अहो, चव झकास आहे हो. दुसरा घाला. झाकण ठेवा. कडा कोरड्या दिसेपर्यंत उलथण्याला हात लावायचा नाही.

जावई : आई... येऊ का आत?

गिरणीवाले : कोण? काय म्हणाले?

बायको : येऊ का, म्हणताहेत. या ना, विचारता काय. इतक्या लवकर उठलात?

जावई : गिरणीचा आवाज आला नाही, म्हणून जाग आली. म्हणजे, पहाटे पाच मिनिटं आला आणि थांबला. काही बिघडलंय का?

गिरणीवाले : काय?

बायको : गिरणी बिघडलीय का, विचारताहेत. नाही, बिघडलेली नाही. ह्यांनी आज बंद ठेवलीय. सुटीच्या दिवशी, रांग लागायच्या दिवशी! दारावर पाटी लावलीय. अंगावर पीठ नको, हवेत पीठ नको, म्हणून.

जावई : म्हणजे... माझ्यासाठी?

गिरणीवाले : बसा, जावईबापू. तुम्हाला चालेल असा नाश्ता करतोय. धान्य नाही, काही नाही. मिक्सर नवा, तवा नवा, उलथणं नवं. मी तेवढा जुना आहे, पण धुऊन घेतलाय.

जावई : बाबा, एवढं कशाला केलंत?

गिरणीवाले : महिन्यापूर्वी लेक फोनवर भडकली माझ्यावर. मी आपलं नेहमीचं दळण लावलं होतं, की तुझा नवरा आमच्या पिठाला नाक मुरडतो, आला की ताट मागे सारतो. तेव्हा तिनं सांगितलं सगळं. आता मला एक सांगा, मोकळेपणानं सांगा. तीन वर्षं तुम्ही स्वतः हे मला का नाही सांगितलंत?

जावई : सांगितलं होतं.

गिरणीवाले : काय?

जावई : सांगितलं होतं, बाबा! लग्नानंतर पहिल्यांदा आलो, त्याच दिवशी. सगळ्यांसमोर ताटावर बसून विषय नको, म्हणून जेवणाआधी मुद्दाम खाली आलो होतो, गिरणीत.

गिरणीवाले : गिरणी चालू होती?

जावई : हो. तुमच्या शेजारी उभा राहून सगळं सांगितलं. लहानपणापासूनचा त्रास, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं.

बायको : ह्या आवाजात? अहो, तुम्ही दिवसभर वाचनालयात पुस्तकं देता, तुमचं बोलणं मला इथं चुलीपाशी नीट ऐकू येत नाही!

गिरणीवाले : मग? मी काय म्हणालो?

जावई : तुम्ही मान डोलावलीत. म्हणालात, ‘वा वा, उत्तम!’ आणि पाठीवर थाप मारलीत.

बायको : वा वा, उत्तम! अगं आई गं... अहो, हे गिऱ्हाइकांनाही हेच करतात! परवा एक जण सांगत होता, माझी म्हैस गेली. तर म्हणाले, ‘वा, छान!’

गिरणीवाले : तू हसू नकोस गं. जावईबापू, आणि मग तासाभरात मी तुमच्या ताटात...

जावई : पावाचे तीन जाड काप वाढलेत. स्वतःच्या हातानं. मी नको म्हणालो, तर चौथा वाढलात.

गिरणीवाले : आणि तुम्ही ताट मागे सारलंत.

जावई : एक काप खाल्ला आधी. तुम्ही बघत होता ना. नाही म्हणवेना. मला वाटलं, ह्यांना सगळं माहीत आहे, तरीही वाढताहेत, म्हणजे ह्यांना मी पसंत नाही. किंवा माझा आजार खोटा वाटतोय. परत तो विषय काढायची हिंमत झाली नाही.

गिरणीवाले : म्हणजे दुसऱ्या दिवशी तुम्ही पडून होता, ते...

जावई : प्रवास बाधला, असं सांगितलं मी.

गिरणीवाले : अरे देवा. आणि मी तिकडे भावाला सांगत होतो, जावई नाजूक आहे, चार तासांच्या प्रवासात झोपला.

बायको : मग दर वेळी इथं येऊन तुम्ही खात तरी काय होता?

जावई : सांगू? हसणार नाही ना? उकडलेली अंडी. गाडीत. रात्री ‘फोन करून येतो’ म्हणायचो आणि मागच्या सीटवर बसून खायचो.

गिरणीवाले : मी खिडकीतून बघायचो! मला वाटायचं, गाडीत बसून माझ्या नावानं बोटं मोडतोय.

जावई : बोटं नाही, अंड्यांची टरफलं.

बायको : वास येतोय! अहो, तवा!

गिरणीवाले : काढतो, काढतो... एका बाजूनं लाल झालाय जरा.

जावई : दाखवा. चालेल, बाबा, करपला नाही. बदामाचा असला की लवकर रंग धरतो. मी घरी रोज करतो हे. तवा तिरका करून उलथणं असं खालून न्यायचं... हां, आणि मनगट वळवायचं.

गिरणीवाले : असं?

जावई : असं.

गिरणीवाले : उलटला! अगं, बघ! अख्खा उलटला!

बायको : बघितलं. आता सगळी आळी बघायला येईल, एवढं ओरडलात.

जावई : वरती पण ऐकू गेलं. जिन्यात पावलं वाजताहेत.

बायको : लेक उतरतेय चिमणीला घेऊन. ये गं, ये. काय झालं म्हणून विचारू नकोस, तुझ्या बापानं नाश्ता केलाय. तोंड असं उघडं टाकू नकोस, खुर्ची ओढ. चिमणीला माझ्या मांडीवर दे.

गिरणीवाले : चिमणे, हा तुझा. छोटा, चंद्राएवढा. फुंकर मार आधी.

बायको : मारली. अर्धा गेलासुद्धा पोटात. अहो, हिनं हात पुढे केलाय, दुसरा टाका पटकन.

गिरणीवाले : टाकतो. जावईबापू, पहिला तुमचा. मध आहे तिथं, पिकलेली फळं आहेत. खाऊन बघा. आणि खरं सांगायचं. आवडलं नाही तर मोठ्यानं सांगायचं.

(जावई मोठा घास तोंडात घालतात.)

गिरणीवाले : काय म्हणाले?

बायको : काही म्हणाले नाहीत. खाताहेत. तोंडात घास आहे.

गिरणीवाले : मग डोळ्यांत पाणी का? सोडा जास्त झाला का?

जावई : नाही, बाबा! उत्तम झालाय!

गिरणीवाले : आता ऐकू आलं.

जावई : ह्या टेबलाशी पोटभर खायला पहिल्यांदाच बसलोय. जरा... तुम्ही बसा ना आता. पुढचे मी उलटतो, तुम्ही पहाटेपासून उभे आहात.

गिरणीवाले : बस रे तू. तुझं होऊ दे आधी.